घरी रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडी आतून इतकी गरम का होते?

मनीषनगर_मास्तर

नमस्कार. मी नागपुरातील एका शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालो असून जानेवारीत आम्ही पहिली इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ४० युनिटांची आहे आणि घरी भिंतीवर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स बसवून घेतला आहे. हिवाळ्यात आणि होळीपर्यंत कशाचीच तक्रार नव्हती. मे लागल्यापासून मात्र एक गोष्ट खटकते आहे, आणि तिचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

मागील आठवड्यात पहाटे साडेतीनला मुलीला स्टेशनवर सोडायचे होते. गाडी मध्यरात्रीपासून चार्जिंगला होती. दार उघडताच चुलीपुढे बसल्यासारखी झळ अंगावर आली. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी तापते हे लहान मूलही सांगेल, पण मी बोलतो आहे ते रात्रीचे, छपराखालचे. फाटकाजवळच्या खांबावर टांगलेला तापमापक ३१ अंश दाखवत होता, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत वापरत असे तसाच दुसरा काचेचा तापमापक पुढच्या सीटवर दहा मिनिटे ठेवला तर पारा ३८ च्या वर गेला. याहून गंमत म्हणजे मुलीसोबत देण्यासाठी संध्याकाळी आणलेला संत्रा बर्फीचा डबा मी डिकीत ठेवला होता. स्टेशनवर उघडून पाहिला तेव्हा वड्यांच्या कडा विरघळून त्यांचा एकच गोळा झाला होता आणि डब्याचा तळ हाताला कोमट लागत होता.

आमचा पोर्च तीन बाजूंनी बंद, वर स्लॅब, तोंड पश्चिमेला. रात्री पुढचे शटर आम्ही पूर्ण ओढून घेतो. गाडी सरळ आत घालतो, त्यामुळे तिचे नाक मागच्या भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर असते. सर्व्हिस सेंटरला विचारले तर तेथील गृहस्थांनी बोनेटही न उघडता "उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या तापतात, सर" एवढे सांगून बोळवण केली.

माझे प्रश्न तीन. चार्जिंगमुळेच केबिन तापते का? तसे असेल तर बॅटरीला त्याचा त्रास होतो का? आणि रात्री काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात का?

तारवाला_काका

मास्तर, नमस्कार. माझी सगळी नोकरी वीज वितरणात गेली, त्यामुळे आधी हिशेब मांडतो आणि मग मत देतो.

घरी आपण गाडीला देतो तो एसी प्रवाह. बॅटरीला लागतो डीसी. हे रूपांतर गाडीतच बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा वॉलबॉक्स हा केवळ एक शहाणा स्विच असतो, तो स्वतः फारसा तापत नाही. ऑनबोर्ड चार्जरची कार्यक्षमता साधारण ९० ते ९५ टक्के धरतात. आपल्या ७.२ किलोवॅटपैकी ८ टक्के वाया जातात असे धरले तर ५७५ वॅट निव्वळ उष्णता झाली, म्हणजे मंद ठेवलेली इस्त्री तीन तास सुरू राहिल्यासारखे. ही उष्णता कूलंट उचलतो, पुढच्या रेडिएटरपर्यंत नेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. रात्री गाडी उभी असताना मधूनच पंख्याचा घुं-घुं आवाज येतो तो हाच.

आता बॅटरी. बॅटरीचा दाब ३५० व्होल्टच्या आसपास धरला तर ७ किलोवॅटला प्रवाह होतो सुमारे २० अँपिअर. अंतर्गत रोध ओहमच्या दहाव्या भागाएवढा मानला तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध करून उत्तर येते ४० वॅट. एका जुन्या पिवळ्या दिव्याएवढी उष्णता, आणि तीही ३०० किलोच्या वस्तूत पसरलेली. म्हणजे घरच्या चार्जिंगने बॅटरी स्वतःहून तापते ही समजूत चुकीची आहे. हायवेवरच्या डीसी चार्जरवर ती तापते, कारण तेथे प्रवाह कितीतरी पट असतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते.

पण बॅटरी उष्णता घरी घेऊन येते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. मे महिन्यात संध्याकाळी सहालाही आपला डांबरी रस्ता तव्यासारखा असतो आणि बॅटरी गाडीच्या तळाशी, त्या तव्यापासून वीतभर अंतरावर असते. ३०० किलोचा हा ठोकळा एक अंशाने थंड होताना सुमारे ३०० किलोज्यूल सोडतो. रात्रभरात तो १० अंशांनी निवला तर ३,००० किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.८ युनिट उष्णता सावकाश बाहेर पडते आणि तिचा काही भाग केबिनच्या फरशीतून वर येतो. आपल्या आजीच्या काळी थंडीत कुशीत तापलेली वीट घेऊन झोपत, त्यातला प्रकार.

आता माझी एक शंका, राग मानू नका. फाटकाजवळचा तापमापक शटरच्या बाहेर आहे ना? मग आपण केबिनची तुलना पोर्चशी केलेलीच नाही, अंगणाशी केली आहे. आपला पोर्च ५ बाय ४ बाय ३ मीटर धरला तर आत ६० घनमीटर, म्हणजे ७० किलो हवा असते. ती एक अंशाने तापवायला ७० किलोज्यूल पुरतात आणि ५७५ वॅट ते काम दोन मिनिटांत करतात. भिंती आणि स्लॅब बरीचशी उष्णता पिऊन टाकतात म्हणून बरे, पण दुपारभर पश्चिमेचे ऊन खाऊन त्या आधीच तृप्त असतील तर किती पिणार? पोर्चच्या आत एक तापमापक लावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून चार रात्री मोजा. वर्गात ही पद्धत आपण मुलांना किती वेळा सांगितली असेल!

काटोल_नाका

मी दोन इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने चालवतो, दोन्ही रात्री घरीच चार्ज होतात. काकांचा हिशेब मला अर्धाच कळला, परंतु उत्तर मला माहीत आहे, कारण हे मी भोगले आहे.

आपण नाक भिंतीकडे करून गाडी लावता. पंखा गरम हवा मागे बोनेटखाली ढकलतो, ती तळातून आणि फटींतून बाहेर येते, भिंतीमुळे तिला पुढे जाता येत नाही, शटर बंद असल्याने मागेही वाट नाही, आणि तीच हवा पंखा पुन्हा ओढतो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी असते तेथून केबिनमध्ये ताजी हवा येते. ब्लोअर बंद असला तरी ती झडप उघडी राहिली तर बोनेटवरची गरम हवा हळूहळू आत शिरते. म्हणून गाडी बंद करण्याआधी आतलीच हवा फिरवणारे बटण दाबून ठेवावे. माझ्या एका गाडीत ते बटण लक्षात राहते, दुसऱ्या गाडीत प्रत्येक वेळी पुन्हा दाबावे लागते.

गाडी उलटी, म्हणजे नाक शटरकडे करून लावा आणि शटर दीड वीत वर ठेवा. काचा एक बोट उघडायला हरकत नाही, पण त्याहून जास्त नको. आमच्याकडे उंदराने सीटबेल्ट कुरतडला होता.

मनीषनगर_मास्तर

काका, शंका अगदी रास्त होती आणि मी मनोमन कान पकडला. तापमापक शटरच्या बाहेरच होता. चार रात्री मोजमाप करून मगच लिहितो आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. सर्व नोंदी पहाटे तीनच्या आहेत, आणि सुदैवाने चारही वेळा फाटकावरचा पारा ३१ च्या आसपासच होता, त्यामुळे तुलना सोपी गेली.

पहिल्या रात्री गाडी दिवसभर हलवली नव्हती आणि चार्जिंगलाही लावली नव्हती. शटर बंद. पोर्चमध्ये ३३.५, केबिनमध्ये ३४. म्हणजे काहीही न करता, केवळ तापलेल्या भिंतींमुळे केबिन अंगणापेक्षा ३ अंशांनी गरम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, साधारण ५० किलोमीटर, पण चार्जिंग केले नाही. पोर्च ३४.५, केबिन ३६. काकांची वीट ती हीच. हात लावून पाहिला तर मागच्या सीटपुढील पायदान वरच्या सीटपेक्षा स्पष्टपणे गरम होते.

तिसऱ्या रात्री तीच फेरी, आणि बारा वाजता गाडी नेहमीप्रमाणे नाक भिंतीकडे करून चार्जिंगला लावली. वॉलबॉक्सच्या पडद्यावर जवळपास २० युनिट दिसले. पोर्च ३७, केबिन ३८.५. मी स्वतः तीन वाजता शटर उचलून आत गेलो तेव्हा चष्म्यामागे घाम आला. पुढे वाकून भिंतीवर तळहात टेकवला तर रेडिएटरसमोरचा परातीएवढा भाग बाकीच्या भिंतीपेक्षा चांगलाच तापलेला होता. इतके दिवस मी दोष गाडीच्या आत शोधत होतो.

चौथी नोंद तीन दिवसांनी घेतली, कारण बॅटरी तितकीच रिकामी व्हायला हवी होती. पुन्हा बुटीबोरी, पुन्हा सुमारे २० युनिट, मात्र या वेळी गाडी उलटी लावली, शटर दीड वीत वर आणि हवा फिरवण्याचे बटण दाबलेले. पोर्च ३३, केबिन ३५.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे काकांचे पथ्य मी शेवटच्या रात्री मोडले, हे मान्य करतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला ते सांगता येणार नाही. पण सौभाग्यवतींनी रात्री तीनला उठण्याच्या या उपक्रमाला आता मुदतवाढ नाही असे कळवले आहे. ढोबळ मानाने साडेसात अंशांपैकी ३ घराच्या भिंतींचे, २ रस्त्यावरून आणलेले आणि अडीच चार्जिंगचे, असे मी मानतो.

डिकीचे कोडे मात्र सुटलेले नाही. चौथ्या रात्रीही डिकीच्या तळाशी ३९ अंश होते, केबिनपेक्षा चार जास्त.

बेसा_दुपारवाली

या चर्चेत माझा अनुभव नेमका उलटा आहे. आमच्या छतावर ३ किलोवॅटचे सोलर आहे, त्यामुळे "आपली वीज आपणच वापरायची" या हट्टाने मी गाडी सकाळी अकरा ते चार चार्जिंगला लावत असे. गाडीवर टिनाचे शेड आहे. सावली आहे म्हणून मी निश्चिंत होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एकदा दुपारी दोनला गाडीत बसले आणि स्टीअरिंगला हातच लावता येईना. मुलाचे रंगीत खडू मागच्या सीटवर वितळून कापडात मुरले आहेत. लाल रंग अजून गेलेला नाही.

नंतर विचार केल्यावर लक्षात आले की टिन स्वतःच निखारा होते आणि त्याची धग खाली गाडीच्या छतावर आणि काचांवर पडते. शिवाय शेडच्या पश्चिमेकडून दुपारनंतर तिरपे ऊन थेट पुढच्या काचेवर येत होते. महापालिका उन्हाळ्यात सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी हिरवी नेट बांधते, तशीच मी पश्चिमेला बांधली, टिनाखाली एक फुटाचे अंतर सोडून दुसरी नेट ताणली आणि काचेला आतून चंदेरी पडदा लावला. फरक मोजलेला नाही, पण आता स्टीअरिंग धरता येते.

दुसरा बदल अधिक उपयोगाचा ठरला. आमच्याकडे नेट मीटर आहे. दुपारचे जास्तीचे युनिट ग्रीडला जातात आणि बिलात वळते होतात, मग गाडी त्याच वेळी लावण्याचा आग्रह कशासाठी? ज्यांच्याकडे स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर आहे त्यांना घरगुती वापरासाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत दरात सवलत मिळते, त्यांना दिवसाचा मोह होणे साहजिक आहे. त्यांनी निदान नऊला लावून अकराच्या आत आटोपावे, असे मला वाटते. मी आता पहाटे पाचला लावते.

आणि एक विनंती तारवाला काकांना: माझ्याकडे वॉलबॉक्स नाही, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने चार्जिंग होते. केबिनचे सोडा, प्लगची एक पिन तपकिरी पडली आहे. हे चालते का?

तारवाला_काका

ताई, हे अजिबात चालत नाही, आणि या संपूर्ण चर्चेत खरी काळजी करण्याजोगी उष्णता हीच आहे. केबिन तापली तर माणूस कुरकुरतो, सॉकेट तापले तर घर पेटते.

गीझर याच सॉकेटवर चालतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी सहा-सात तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. पिन आणि सॉकेटची पट्टी यांचा संपर्क सैल होऊन तेथे ओहमच्या दहाव्या भागाएवढा जरी रोध आला, तरी १५ चा वर्ग गुणिले ०.१ म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, यावरून अंदाज करा. पिन तपकिरी होणे म्हणजे हे सुरू झालेले आहे.

आजच चार्जिंग थांबवा. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतील, कारण जळलेली पिन नव्या सॉकेटलाही खराब करते. परवानाधारक वायरमनकडून मीटरच्या बोर्डापासून ४ चौरस मिलीमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या. मधे एक्स्टेंशन बोर्ड नको, कितीही जाड वायरचा असला तरी. नंतर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी सॉकेटच्या झाकणाला हात लावून पाहा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर पुन्हा वायरमनला बोलवा.

मास्तरांच्या बॅटरीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. लिथियम-आयन सेल साधारण १५ ते ३५ अंशांत सुखी असतात. त्याहून तापले तर बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा आधी थंडावा सुरू करते आणि त्यानेही भागले नाही तर प्रवाह कमी करते. म्हणून ३८ अंशांच्या केबिनने बॅटरीचे काही बिघडलेले नाही. टाळायचे आहे ते एवढेच की पूर्ण भरलेली गाडी भर उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवू नये. निकेलवाल्या रसायनाची बॅटरी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबावे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर ती उष्णता अधिक सोसते आणि कंपनी अधूनमधून १०० टक्के भरायलाही सांगते, तेव्हा गाडीची पुस्तिका पाहावी.

पहाटे निघायचे असेल तर प्लग काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मोबाइलवरून एसी सुरू करा. ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही, आणि गार केबिन घेऊनच आपण फाटकाबाहेर पडता. एसीच्या कॉम्प्रेसरला सुरुवातीला एक-दोन किलोवॅट लागतात, त्यामुळे ताईंच्या ३.३ किलोवॅटवर त्या वेळात बॅटरी फारशी भरणार नाही.

डिकीबद्दल: काही गाड्यांत ऑनबोर्ड चार्जर पुढे बोनेटखाली असतो, काहींत मागे डिकीच्या फळीखाली. आपली दुसऱ्या प्रकारातली असावी. तरीही ३९ अंश जास्त वाटतात. फळी उचलून पाहा. मात्र नारिंगी रंगाच्या कोणत्याही वायरला हात लावू नका, ती उच्च दाबाची असते.

मनीषनगर_मास्तर

फळी उचलली. खाली चपटी धातूची पेटी आहे आणि तिला नारिंगी वायरी जोडलेल्या आहेत. अर्थात मी लांबूनच पाहिले. पेटीवर अंथरण्यासाठी बोटभर जाडीची फोमची चादर दिलेली असते असे पुस्तिकेतल्या चित्रात दिसते. आमच्या गाडीत ती चादर होती, पण चतकोर घडी करून एका कोपऱ्यात कोंबलेली. फेब्रुवारीत बाहेरच्या एका दुकानातून डिकीत रबरी गालिचा बसवून घेतला होता, गालिचा सपाट बसावा म्हणून तेथील पोराने ही चादर बाजूला सारली असावी. म्हणजे चार्जरची पेटी आणि आमची बर्फी यांच्यामध्ये एक फळी आणि गालिचा एवढेच होते.

चादर सर्व्हिस सेंटरकडून नीट बसवून घेतली. या वेळी त्यांनी बोनेट न उघडता डिकी उघडली, एवढी प्रगती आहे. काल रात्री १८ युनिट चार्जिंग झाले. डिकीत ३५.५, केबिनमध्ये ३५, पोर्चमध्ये ३३. यानंतरच्या नोंदी मी सकाळी सहाला घेणार आहे.

काटोल_नाका

शटर दीड वीत उघडे ठेवता तेव्हा खाली जाळी लावून घ्या. उंदीर तेथूनच येतात.